प्रस्तावना : सरड्याची धाव कुठवर?

मराठी माणसाने सापासरड्यांच्या बुद्धीबद्दल दोन मते फार पूर्वीच ठरवून टाकली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक मत 'डूख' या एका शब्दात मावते. साप डूख धरतो, आपल्याला मारायला आलेल्याचा चेहरा ध्यानात ठेवतो, वर्ष उलटले तरी त्याचे घर शोधत येतो, असे गावोगाव सांगितले जाते. चेहरा ओळखायचा, तो विसरायचा नाही, घर शोधायचे आणि संधीची वाट पाहायची. एवढे ज्याला साधते त्याची बुद्धी माणसाच्या तोडीची म्हणावी लागेल. दुसरे मत 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीत आहे. तिथे सरडा म्हणजे ज्याला फार काही सुचत नाही, जमत नाही, असा जीव. पंचतंत्रातली मगर माकडाकडून फसते, कासवाला तोंड मिटून ठेवता येत नाही आणि ते आकाशातून कोसळते. या गोष्टींचाही कल तिकडेच. एकाच घराच्या ओसरीवर संध्याकाळी डूख धरणाऱ्या नागाची गोष्ट रंगते आणि सकाळी पोराला 'तुझी धाव कुठवर' म्हणून हिणवले जाते. दोन्हीकडे प्राणी सरपटणारेच.

यातले काहीच कोणी तपासून पाहिलेले नव्हते. नवल असे की विज्ञानानेही बराच काळ तपासले नाही. लिनिअसने १७५८ च्या आवृत्तीत प्राण्यांची मांडणी केली तेव्हा साप, सरडे, कासवे, मगरी आणि बेडूक एकाच गटात टाकले आणि वर्णन करताना त्यांच्या थंड अंगाची, ओंगळपणाची किळस लपवली नाही. त्याच्याही मागे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली जिवांची शिडी होती: खाली मासे, मग बेडूक, मग साप, वर पक्षी, त्याहून वर जनावरे आणि टोकाला माणूस. जो खालच्या पायरीवर त्याची अक्कल कमी, हे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार होते.

ही शिडी मेंदूच्या अभ्यासात कशी शिरली, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजही व्याख्यानांतून आणि स्व-मदतीच्या पुस्तकांतून ती आपल्यापर्यंत पोचते आहे. जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग एडिंगर हा मोठा मेंदूशास्त्रज्ञ होऊन गेला. निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत त्याची गणना होते. त्याने असे मांडले की प्राण्यांची उत्क्रांती होत गेली तसतसे मेंदूवर नवे थर चढत गेले. सरपटणाऱ्यांच्या आणि पक्ष्यांच्या पुढच्या मेंदूत बहुतेक जुनाच, सहजप्रेरणांचा भाग. विचाराचा बाह्यस्तर मात्र सस्तनांकडे. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल मॅकलीन यांनी याच धाग्यावर माणसाच्या डोक्यात तीन मेंदू कल्पिले: तळाशी सरपटणाऱ्याचा, त्यावर भावनांचा, त्यावर विचाराचा. कार्ल सेगनच्या १९७७ च्या 'द ड्रॅगन्स ऑफ ईडन' या पुस्तकाने ही कल्पना घराघरांत नेली. तेव्हापासून राग, भूक, हाव, हद्दीचे भांडण, जे जे आपल्याला स्वतःत नको वाटते ते ते आपण आतल्या सरड्याच्या नावावर खपवत आलो.

मेंदू असा मजल्यांवर मजले चढवून बांधला जात नाही. पक्ष्यांबाबत १९६० च्या दशकातच हार्वी कार्टन यांच्या कामाने पहिला तडा दिला, आणि २००५ पर्यंत पक्ष्यांच्या मेंदूच्या भागांची जुनी नावे बदलावी लागली. सरपटणाऱ्यांची पाळी उशिरा आली. योग असा की ती फ्रँकफर्टलाच आली. तिथल्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत जिल लोराँ यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा अभ्यासाला घेतला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले की या सरड्याच्या झोपेतही आपल्यासारखेच दोन टप्पे आळीपाळीने येतात, एक मंद लहरींचा आणि एक डोळ्यांच्या हालचालींचा. २०१८ मध्ये स्मृतीशी आणि जागेच्या जाणिवेशी जोडलेला मेंदूचा भाग सरड्यात आणि कासवात पेशींच्या पातळीवर ओळखता आला. २०२२ मध्ये सरड्याच्या आणि उंदराच्या चेतापेशींच्या प्रकारांची तुलना झाली, तेव्हा मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात जुने आणि नवे प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसले. सरड्याचा मेंदू आपल्या डोक्यात तळाशी जसाच्या तसा पडून राहिलेला नाही; त्याचा मेंदू त्याच्या वाटेने बदलला, आपला आपल्या वाटेने. एडिंगरची मुलगी टिली हिने पुढे जीवाश्म झालेल्या कवट्यांवरून लुप्त प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास करण्याचे शास्त्रच उभे केले. नाझी राजवटीमुळे तिला जर्मनी सोडून अमेरिकेत हार्वर्डला जावे लागले. या विषयाच्या इतिहासात मला बापाइतकीच, कदाचित त्याहून थोडी अधिक, ती महत्त्वाची वाटते.

मेंदू कापून पाहणाऱ्यांची ही एक परंपरा. दुसरी परंपरा प्राण्याला कोडे घालून पाहणाऱ्यांची. तिची सुरुवात १९०१ मध्ये रॉबर्ट यर्कीस यांच्या एका ठिपकेदार कासवाने झाली असे म्हणता येईल. यर्कीस यांनी त्याला लहानसा भूलभुलैया करून दिला आणि पलीकडे गवताचे अंधारे घरटे ठेवले. पहिल्यांदा वाट सापडायला कासवाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, आणि पुढच्या फेऱ्यांत तो वेळ झपाट्याने उतरत काही मिनिटांवर आला. बक्षीस म्हणून खाणे न ठेवता लपायला जागा ठेवली, हा यर्कीस यांचा शहाणपणा पुढची कित्येक दशके विसरला गेला. पुढच्या प्रयोगशाळांत उंदराला घालायची कोडी सरड्याला घातली गेली, उंदराला द्यायचे बक्षीस सरड्याला दिले गेले, आणि सरडा जागचा हलला नाही की निष्कर्ष लिहिला गेला: शिकत नाही.

वर्तनवाद्यांतले एम. ई. बिटरमन यांचे काम या सगळ्यात वेगळे आणि आजही वाचण्यासारखे आहे. त्यांनी मासा, कासव, कबूतर, उंदीर आणि माकड यांना एकच युक्ती घातली. दोन पर्यायांपैकी एक बरोबर हे प्राण्याने शिकले, की नियम उलटा करायचा. मग पुन्हा उलटा. नियम उलटतात हेच जो प्राणी शिकतो तो दर वेळी कमी चुका करतो. १९६५ मध्ये त्यांनी लिहिले की कासव जागेच्या कोड्यात उंदरासारखे वागते आणि रंगाच्या कोड्यात माशासारखे. हे उत्तर शिडीवर बसवता येत नव्हते, तरी बिटरमन यांनी ते शिडीवरच बसवायचा प्रयत्न केला. चार वर्षांनी हॉडॉस आणि कॅम्पबेल या दोघांनी शिडीवरच घाव घातला. आजचा मासा हा आजच्या सरड्याचा पूर्वज नव्हे आणि आजचा सरडा आजच्या उंदराचा पूर्वज नव्हे, मग त्यांना एका रांगेत उभे करून प्रगती कसली मोजता, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९८२ मध्ये युअन मॅकफेल दुसऱ्या टोकाला गेले. माणूस सोडला तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत बुद्धीचा फरक आहे हे अजून कोणी सिद्धच केलेले नाही, असे त्यांनी मांडले. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही. पण त्यांची मागणी पटते: प्राणी नापास झाला तर आधी परीक्षा तपासा.

ही परीक्षा नेमकी कुठे चुकत होती, हे या विषयाचे मर्म आहे. सरपटणारा प्राणी अंगची उष्णता आतून निर्माण करत नाही, ती उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतो. सकाळी साडेसातला बांधावर पडलेला सरडा आणि अकरा वाजता त्याच बांधावर मान वर करून बसलेला सरडा, यांत एकच जीव असला तरी हालचालीत, प्रतिसादात जमीनअस्मानाचा फरक असतो. उंदराला मानवणाऱ्या खोलीत त्याला ठेवले तर तो अर्धवट गारठलेला असतो. त्यात भुकेचा प्रश्न. उंदराला दिवसभर उपाशी ठेवले की दाण्यासाठी तो वाटेल ते करतो. अजगराला किंवा मगरीला आठवडेच्या आठवडे खाल्ल्यावाचून काही अडत नाही. मग दाणा कसला आणि बक्षीस कसले? त्यांच्या लेखी बक्षीस म्हणजे ऊब, आडोसा, अंधार. टेनेसी विद्यापीठातले गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९७७ मध्ये तोवरच्या सगळ्या प्रयोगांचा दीर्घ आढावा घेतला आणि हे दोष एकेक करून दाखवून दिले. आज आपण ज्याला सरपटणाऱ्यांच्या आकलनाचा अभ्यास म्हणतो त्याचा पाया तिथे पडला असे मी मानतो.

बर्गहार्ट यांचेच आणखी एक काम मला विसरता येत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नाईल नदीतले मऊ पाठीचे एक जुने कासव होते. त्याचे नाव पिगफेस. अनेक दशके एकाच टाकीत काढल्यावर ते स्वतःच्याच नख्यांनी स्वतःची मान आणि पाय ओरबाडू लागले. रखवालदारांनी टाकीत चेंडू, कडी, रबरी नळी असल्या वस्तू टाकल्या. कासव चेंडू नाकाने ढकलू लागले, कडीतून ये-जा करू लागले, नळी ओढू लागले, आणि जखमा करून घेणे कमी झाले. ते खेळत होते असे म्हणायचे का, यावर बर्गहार्ट यांनी वर्षे घालवली, खेळ म्हणजे काय याच्या कसोट्या ठरवल्या आणि मग हो म्हटले. कंटाळा ही भावना आपण ज्या जिवाला कधी दिलीच नव्हती, तो जीव कंटाळ्याने स्वतःला जखमा करत असावा, ही गोष्ट वाचून माझी या पिंजऱ्यांकडे पाहण्याची नजर बदलली.

गेल्या पंचवीसएक वर्षांत या क्षेत्राने वेग घेतला. ॲना विल्किन्सन यांनी मोझेस नावाच्या लाल पायांच्या जमिनीवरील कासवाला आठ फाट्यांच्या भूलभुलैयात सोडले. प्रत्येक फाट्याच्या टोकाला खाऊ. एकदा जाऊन आलेल्या फाट्यात पुन्हा जाणे ही चूक. मोझेस खोलीतल्या खुणा पाहून कुठे जाऊन आलो हे ध्यानात ठेवत असे. खुणा पडद्याने झाकल्या तेव्हा त्याने रीत बदलली आणि ओळीने शेजारचा फाटा धरू लागला. परिस्थिती पाहून रीत बदलणे हीच तर आपण बुद्धीची खूण मानतो. २०१० मध्ये त्यांनी दाखवले की एकटे राहणारे हे कासव दुसऱ्या कासवाला कुंपणाला वळसा घालताना पाहून वळसा घालायला शिकते. ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सुचले नाही. पुढे बिअर्डेड ड्रॅगनच्या बाबतीत असेच झाले. जाळीचे दार डोक्याने सरकवणारा सरडा ज्यांनी पाहिला त्यांनी दार त्याच बाजूला सरकवले; न पाहिलेल्यांपैकी एकालाही ते उघडता आले नाही. याच विल्किन्सन यांनी एका कासवाची जांभई दुसऱ्याला लागते का हेही कसोशीने पाहिले आणि लागत नाही असे प्रसिद्ध केले. 'नाही' हे उत्तर इतक्या चिकाटीने मिळवणारी माणसे या क्षेत्रात आहेत, म्हणून त्यांच्या 'हो'वर विश्वास ठेवावासा वाटतो.

मॅन्युएल लिआल यांनी पोर्तो रिकोच्या झाडांवर राहणाऱ्या सरड्यांना झाकणाखाली लपवलेली अळी शोधायला लावली. हे सरडे एरवी वरून झेप घेऊन हलणारे भक्ष्य धरतात. झाकण उचलणे त्यांच्या आयुष्यात कुठेच नाही. सहांपैकी चौघांनी ते जमवले. डॅलसच्या प्राणिसंग्रहालयात घोरपडीच्या आफ्रिकी भावंडांच्या पिल्लांनी नळकांड्याचे दार उघडून आतले उंदीर काढले, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा लवकर काढले. व्हिएन्नात शिकवलेली महाकाय कासवे नऊ वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हा धडा विसरलेली नव्हती. सिडनीत मार्टिन व्हायटिंग यांच्या गटाने सापसुरळीच्या जातीतल्या सरड्यांवर काम केले. त्यांत तरुण सरडे वडीलधाऱ्यांकडून शिकताना दिसले. दक्षिण ऑस्ट्रेलियात मायकल बुल यांनी आखूड शेपटीच्या सरड्यांच्या जोड्या वर्षानुवर्षे पाहिल्या. दर वसंतात तेच दोघे एकमेकांना शोधून एकत्र येत, आणि काही जोड्यांनी असे वीस वर्षांहून अधिक काढले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो वासाच्या आरशाचा प्रयोग. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींसमोर आरसा ठेवला आणि त्यांना आपले प्रतिबिंब ओळखता येते हे दाखवले. तेव्हापासून आरसा ही आत्मजाणिवेची कसोटी ठरली आणि सापासारखे प्राणी त्यात हमखास नापास. पण साप जग ओळखतो ते जिभेने, वासाने. २०२४ मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी गार्टर सापांसमोर त्यांचाच वास ठेवला, आणि तोच वास थोडा बदलूनही ठेवला. आपला वास बदललेला पाहून सापांनी जीभ जास्त वेळ लपलपवली. दुसऱ्याच्या बदललेल्या वासावर तसे केले नाही. बॉल अजगरांवर तोच प्रयोग केला तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न विचारायचा तर सापाच्या भाषेत, आणि तरीही सगळे साप एकच उत्तर देतील असे नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. आग्नेय आशियात मिशांसारखे दोन कोंब असलेला एक पाणसाप आहे. मासा जवळ आला की तो अंगाला हलकासा झटका देतो. मासा दचकून विरुद्ध दिशेला वळतो तो थेट सापाच्या तोंडात. साप डोके नेतो ते मासा आता आहे तिथे नव्हे, पुढच्या क्षणी असेल तिथे. हे पाहून कोणीही म्हणेल, काय डोके आहे! पण केनेथ कटानिया यांनी दाखवले की कधीच मासा न पाहिलेले नवजात पिल्लूही हेच करते. अनुभव शून्य, कौशल्य पूर्ण. याला बुद्धी म्हणायचे की लाखो वर्षांची घडण? माझे मत घडण असे आहे. हुशार दिसणारे सगळेच हुशारीतून आलेले नसते, हे भान सुटले की आपण पुन्हा डूख धरणाऱ्या नागाकडे येऊन पोचतो.

मगरींबाबत तर हे भान फारच लागते. मगर पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. हे पाहणाऱ्यांनी पूर्वी ती पिल्ले खाते असाच समज करून घेतला होता. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत टोनी पूली यांनी हे खरोखर वात्सल्य आहे हे दाखवले. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात आपल्याकडची मगर पाहणाऱ्यांना नरही पिल्ले सांभाळताना दिसले. त्याच उद्यानात आणि अमेरिकेत लुइझियानात मगरवर्गी प्राणी बगळ्यांच्या वसाहतीखाली नाकावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहतात, घरट्यासाठी काटकी उचलायला आलेला पक्षी धरतात, असे व्लादिमीर डिनेट्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लिहिले. हे खरे असेल तर सरपटणाऱ्यांत एखादी वस्तू आमिष म्हणून वापरण्याचा तो पहिला दाखला. पुढच्या तपासणीत मात्र त्याला भक्कम आधार मिळाला नाही, म्हणून या पुस्तकात तो दावा दावा म्हणूनच आला आहे.

आणि महाड. सावित्री नदीतल्या मगरींवर उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांचा लेख २०२३ मध्ये आला. इतर कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक कुत्रा नदीत उतरला, जवळच मगरी होत्या, आणि त्यांनी त्याला न खाता तोंडाच्या टोकाने काठाकडे ढकलत नेले, अशी त्यात नोंद आहे. लेखकांनी ही भावनिक सहानुभूती असू शकेल असे सुचवले. बातमी जगभर गेली. मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली आहे. काय घडले यावर शंका घ्यायचे मला कारण दिसत नाही. का घडले हे एका प्रसंगावरून ठरवता येत नाही. मगरींची पोटे भरलेली असतील, कुत्रा त्यांना भक्ष्य वाटला नसेल, किंवा लेखक म्हणतात तसेही असेल. पण ही नोंद झाली हेच मोलाचे आहे. महाडकर आणि चिपळूणकर मगरींच्या शेजारी रोज वावरतात, सांगलीला कृष्णेकाठी तेच, आणि तरी त्या मगरींचे रोजचे वागणे फारसे कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

मग इतर प्राण्यांशी तुलना केली तर सरपटणारे कुठे बसतात? वाचक हा प्रश्न घेऊनच पुस्तक उघडणार, तेव्हा टाळाटाळ नको. सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या मानाने सरपटणाऱ्याचा मेंदू साधारण दहापट लहान असतो, आणि २०२२ मध्ये प्राहाच्या अभ्यासकांनी केलेल्या मोजणीनुसार त्यातल्या चेतापेशीही अनेक पटींनी कमी असतात. कावळ्यासारखे अवजार घडवणे, चिंपांझीसारखी राजकारणे, याचा पुरावा कुठल्याही सरपटणाऱ्यात आजवर मिळालेला नाही. पण जागा लक्षात ठेवणे, धडा वर्षानुवर्षे न विसरणे, नियम उलटला की वागणे उलटवणे, दुसऱ्याला पाहून शिकणे यांत त्यांच्यातले काही पक्ष्यांच्या आणि उंदरांच्या बरोबरीने उतरले आहेत. 'काही' हा शब्द महत्त्वाचा. सरपटणाऱ्यांच्या सुमारे १२,००० जाती आहेत. तपासल्या गेल्या त्यातल्या मूठभर. शिवाय 'सरपटणारे' हा गट सोयीचा आहे, नात्याचा नाही. मगर ही सरड्यापेक्षा कोंबडीची जवळची नातलग आहे. आपली वाट त्यांच्यापासून ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. इतक्या लांबच्या दोन घराण्यांत जर स्मृतीची आणि शिकण्याची रीत सारखी निघाली, तर ती एकतर सामाईक वारशातून आली किंवा दोघांनी स्वतंत्रपणे कमावली. दोन्ही उत्तरे थक्क करणारी आहेत.

हे सगळे आता का वाचायचे? मला पहिले कारण दिसते ते सर्पमित्रांचे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावतात असा २०२० चा अंदाज आहे. साप न मारता पकडून दूर सोडणाऱ्या तरुणांनी महाराष्ट्रात फार मोठे काम केले आहे, आणि नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे केल्यापासून दोन पिढ्यांची भीती कमी झाली आहे. पण दूर सोडलेल्या सापाचे पुढे काय होते? अमेरिकेत टिंबर रॅटलस्नेक दूर नेऊन सोडले तेव्हा ते भरकटत राहिले आणि त्यांच्यातले मृत्यू मूळच्या रहिवासी सापांपेक्षा खूप अधिक निघाले. कर्नाटकात अगुंब्याच्या परिसरात रेडिओ लावलेल्या नागराजांपैकी जो दूर सोडला तो रहिवाशापेक्षा कितीतरी जास्त भटकला. सापाला आपली जागा ठाऊक असते: कुठले बीळ कोरडे, कुठे ऊन लवकर येते, कुठे उंदीर. ते ज्ञान आपण पोत्यात भरून नेत नाही. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेलिकॉप्टरने द्वीपकल्पाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर नेलेली खाऱ्या पाण्यातली एक मगर वीस दिवसांत चारशेहून अधिक किलोमीटर पोहून घरी परतली. हटवणे हा उपाय किती टिकतो याचा विचार आपल्या नदीकाठच्या गावांनीही करायला हवा.

दुसरे कारण आशेचे आहे. ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेले विषारी भेक खाऊन घोरपडी आणि गोड्या पाण्यातल्या मगरी मरत होत्या. अभ्यासकांनी आणि स्थानिक आदिवासी रक्षकांनी मळमळ होईल असे औषध भरलेली भेकांची आमिषे मगरींसाठी ठेवली. मगरींनी एकदा खाल्ले, त्यांना मळमळले, आणि मग त्यांनी भेक सोडून दिले. मृत्यू जवळजवळ थांबले. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जो प्राणी शिकतो त्याला शिकवून वाचवता येते. तिसरे कारण चिंतेचे: बिअर्डेड ड्रॅगनची अंडी जास्त उष्णतेत उबवली तर मोठेपणी ते सरडे दुसऱ्याला पाहून शिकण्यात मागे पडतात असे आढळले आहे. तापत चाललेल्या जगात याचा अर्थ काय, याचा विचार आत्ताच सुरू व्हायला हवा.

आणि आपल्या घरातला प्रश्न आहेच. लक्ष्मी येते म्हणून काचेच्या डब्यात ठेवलेले चांदणी कासव, 'हत्था जोडी' म्हणून विकण्यासाठी कापलेली घोरपड, नागपंचमीला दूध पाजण्यासाठी तहानलेला ठेवलेला नाग. त्यांना कळत नाही, हा समज या सगळ्याच्या बुडाशी आहे. तो समज चुकीचा निघाला तर आपले काय चुकत आले, ते वाचकाने ठरवावे.

मराठीत सापांवर चांगली पुस्तके आहेत. ती बहुतेक ओळख पटवण्यासाठी आणि भीती घालवण्यासाठी लिहिली गेली, आणि त्यांची गरज होतीच. सापाच्या, पालीच्या, कासवाच्या मनाकडे वळणारे लेखन आपल्याकडे फारसे झाले नाही. या पुस्तकात तो प्रयत्न आहे. यात कुठल्याही प्राण्याला गुणांक दिलेला नाही आणि क्रमवारी लावलेली नाही. 'बुद्धी' हा एकच शब्द सगळीकडे वापरायचेही टाळले आहे. स्मृती, ओळख, शिकणे, वाट सापडणे, रीत बदलणे, खेळणे हे वेगवेगळे शब्द मुद्दाम ठेवले आहेत, कारण एका प्राण्यात एक असते आणि दुसरे नसते. घोरपड, नाग, मण्यार, सुसर, सापसुरळी ही आपली नावे जिथे शक्य तिथे राखली आहेत. परदेशी जातींना ओढूनताणून मराठी नावे दिलेली नाहीत.

आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट पुस्तकात वारंवार येईल. वेळासला २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली जाऊ लागली, आणि आता कोकणच्या अनेक गावांत ते काम चालते. मादी कासव ज्या किनाऱ्याच्या परिसरात जन्मली तिथेच अंडी घालायला परतते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण ती बाळपणीच मनात घेऊन जाते, असे केनेथ लोमन यांच्या दीर्घ संशोधनातून पुढे आले आहे. आणि २०२१ मध्ये ओडिशात परावर क्रमांकाची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन समुद्र, दोन किनारे, एकच कासव. नियम आणि अपवाद दोन्ही आपल्याच वाळूवर उमटले आहेत, आणि ते दिसले ते कोणी तरी रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावर फिरत होते म्हणून.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या विहिरीत दिवड असेल, गोठ्याच्या पत्र्यावर घोरपड ऊन खात असेल, नळीच्या दिव्यामागे तीच पाल रोज त्याच वेळी येत असेल. तिला हात लावू नका, पकडू नका. पण एक वही ठेवा. काय पाहिले तेवढेच लिहा, का केले असेल ते वेगळ्या रकान्यात लिहा. तारीख, वेळ आणि जागा लिहा. आणि त्या दिवशी ऊन किती होते, हे लिहायला विसरू नका.